तीन ओळींची एक ओळ: फायदा कुणाचा?

मी कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधून बोलतोय. इथे सेक्टर पाचमधल्या आम्हा अनेकांचं रोजचं काम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणं आणि सांभाळणं. म्हणून फंक्शन लिहायची छोटी पद्धत येणार असं कळलं, की मी आधी विचारतो: लिहिणाऱ्याचं टायपिंग वाचेल, पण वाचणाऱ्याचं काय?

रुबी भाषेचं उदाहरण घेऊ. संख्येचा वर्ग काढायला तिच्यात साधारण तीन ओळी लिहितात: 'डेफ वर्ग(क)', मग 'क * क', मग 'एंड'. काम एका ओळीचं, बाकी दोन ओळी नुसती चौकट.

1 एप्रिल 2020 रोजी युसुके एंडो यांनी हा 'एंड' काढायचा प्रस्ताव मांडला. तारीख बघा, होती ती थट्टाच! पण रुबीचे जनक युकिहिरो मात्सुमोतो यांना कल्पना आवडली. 25 डिसेंबर 2020 ला आलेल्या रुबी 3.0 मध्ये ती दाखलही झाली: 'डेफ वर्ग(क) = क * क'. शाळेतल्या गणिताच्या सूत्रासारखं, वाचताच कळतं.

मग अडचण कुठे? एक, हीच ओळ रुबी 2.7 असलेल्या जुन्या सर्व्हरवर गेली, तर सिंटॅक्स एरर येऊन अख्खी फाइलच लोड होत नाही. दोन, मध्ये एखादी तपासणीची ओळ घालायची झाली, तर बहुतेक वेळा पुन्हा तीन ओळींच्या रूपात यावं लागतं. तीन, एकाच गोष्टीच्या दोन पद्धती झाल्या. नव्या माणसाला दोन्ही शिकाव्या लागतात.

रुबीने एक कुंपण मात्र घातलं. ज्या मेथडच्या नावातच शेवटी बरोबरचं चिन्ह असतं, म्हणजे सेटर, ती या छोट्या रूपात लिहिता येत नाही. एका ओळीत दोन 'बरोबर' आले की वाचणारा गोंधळणारच. पायथॉननेही लॅम्डा एकाच एक्स्प्रेशनपुरतं ठेवलंय.

म्हणून माझा साधा नियम: नाव वाचून काम कळत असेल आणि उत्तर एका दमात वाचता येत असेल, तर छोटं रूप वापरा. अट, लूप किंवा चुका हाताळणं आलं, की 'एंड' असू द्या. कोड लिहायचा एकदाच असतो. वाचणारे मात्र पुढची कित्येक वर्षं येत राहतात, आणि रात्री दोन वाजता बिघाड शोधणारा बहुधा तो लिहिणारा नसतो.

पुढच्या भागात भेटू.