बिनतारी जाळ्यांचा हजेरीपट

मोबाईलवर वाय-फायचा शोध घेतला की आसपासच्या जाळ्यांची यादी उमटते. तपासणीच्या ॲपमध्ये तिचे सारे रकाने दिसतात. हा एक हजेरीपटच. तो वाचता आला पाहिजे.

पहिला रकाना नावाचा. कागदावरचे नाव पाहून सही करू नका, असे आम्ही कामगारांना सांगत आलो, येथेही तेच. नाव कोणीही कोणतेही ठेवू शकतो. दुसरा, बारा अंकाक्षरांचा पत्ता. हा यंत्राचा बिल्ला; त्यातील पहिली सहा अक्षरे बहुधा कारखानदाराची खूण असतात. परंतु बिल्लाही बनावट करता येतो.

तिसरा रकाना जोराचा. हा आकडा उणे असतो. दर १० डेसिबलला शक्ती दसपट बदलते. म्हणून उणे ५० हे उणे ८० च्या हजारपट जोरकस. पण जोर म्हणजे भरवसा नव्हे. जवळ बसलेल्या ठकाचा संदेशही जोरकसच येतो.

चौथा चॅनेलचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ व ११ एकमेकांत मिसळत नाहीत. घरच्या यंत्राला त्यांतला कमी गर्दीचा द्यावा.

शेवटचा कुलपाचा. 'डब्ल्यूईपी' २००१ सालीच फुटले. २०१८ चे 'डब्ल्यूपीए३' त्याहून कितीतरी भक्कम. 'खुले' लिहिले असेल, तेथे पगाराच्या खात्याचा व्यवहार टाळावा आणि मोबाईलचाच डेटा वापरावा, हे बरे.