संगणकाचा पंखा

संगणकाने घेतलेल्या विजेपैकी जवळजवळ सर्वच अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता कॅबिनेटच्या बाहेर काढणे हे पंख्याचे काम. परंतु पंखा जितका जोरात फिरतो तितका तो ओरडतो. गारवा हवा की शांतता, हा प्रश्न शहरातील हौशी मंडळींचा वाटेल. आमच्या घरी तो झोपेचा आहे. दादा रात्री टंकलेखनाची कामे करतो. ऊसतोडीहून आईवडील परत येतात आणि बीडचा उन्हाळा त्यांच्या मागोमाग येतो. दोघे अंगणात निजतात. दार लावले तर पत्र्याखाली यंत्र तापते, उघडे ठेवले तर त्याची घरघर थेट बाजेपर्यंत जाते.

पंखा हवा थंड करीत नाही, खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली २५ अंश असताना प्रोसेसर ६० अंशांवर राहत असेल, तर तेवढ्याच कामाला व तेवढ्याच वाऱ्याला ४२ अंशांच्या खोलीत तो सुमारे ७७ वर जाईल. पुष्कळ प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःच मंदावतात. ते टाळण्यासाठी पंख्याचा वेग आपोआप वाढतो, आणि मग घर जागे होते.

म्हणून आधी वाऱ्याची वाट पाहावी. आजोबांच्या माळवदाला सवणे होते. दारातून हवा येई, धूर आणि ऊब वरून निघून जाई. कॅबिनेटमध्येही पुढून खालच्या बाजूने हवा आत यावी आणि मागून वरच्या बाजूने बाहेर पडावी. समोरची खिडकी बंद ठेवून कूलर लावला तर खोली नुसती दमट होते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. संगणक मात्र आपण खुशाल भिंतीला चिकटवून ठेवतो!

मला सर्वांत नवल वाटले ते पंख्याच्या आकाराचे. एकाच घडणीचे ८० आणि १२० मिलिमीटरचे पंखे सारख्याच वेगाने फिरवले, तर मोठा तिपटीहून अधिक हवा ढकलतो. हे गणित घनाचे आहे, कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी मोठा पंखा एक तृतीयांशाहूनही कमी वेगाने फिरला तरी पुरे. शिवाय वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्मा भासतो. दादाने पुढच्या बाजूला १२० चा पंखा रबरी चकत्यांवर बसवून मंद ठेवला आहे. आईची तक्रार थांबली.

राहिली धूळ. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवली, तर फटींतून धूळ शिरत नाही. ती पुढच्या जाळीवरच अडते. पण जाळी भरली की वाराही अडतो. उन्हाळ्यात आम्ही ती दर रविवारी, संगणक बंद करून, कोरड्या ब्रशने झाडतो.