तरुणांच्या खुब्याचे दुखणे : चित्र आणि निदान

पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणारा नांदेडचा उमेदवार, तालमीत बैठका मारणारा मल्ल किंवा लातूरच्या शिकवणी वर्गात दिवसभर बसणारा विद्यार्थी जांघ दुखते म्हणून सांगतो, तेव्हा घरच्यांना ती लचक वाटते. काहींचे तर कंबरेवरच उपचार चालू राहतात. नेमके कोठे दुखते असे विचारले असता असा रुग्ण पुष्कळदा अंगठा मागे व बोटे जांघेकडे ठेवून खुबा पंजात धरून दाखवितो.

खुब्याचा सांधा उखळीचा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीराच्या खोबणीत फिरते. डोके मानेला मिळते तेथे हाडाचा उंचवटा असल्यास, अथवा खोबणीची कड अधिक पुढे आलेली असल्यास, मांडी पोटाकडे घेताना हाडावर हाड आदळते आणि मधली मऊ कड चिरडते. हा आघात पुढे सांध्याच्या झिजेस कारण होऊ शकतो, असे स्वित्झर्लंडमधील बर्न येथील प्रा. राइनहोल्ट गान्झ व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडले.

सर्वांचा एमआरआय का करीत नाही, असे देणगीदार आम्हांस विचारतात. पहिली तपासणी साध्या क्ष-किरण चित्राचीच असते, मात्र ते नीट काढलेले हवे. एक चित्र समोरून, दोन्ही खुबे एकाच फिल्मवर घेऊन. दुसरे मांडी दुमडून, विशिष्ट कोनातून. कटीर किंचित तिरके राहिले तरी निरोगी कडही दोषी भासते. म्हणून रुग्णास नीट झोपविण्यात गेलेला तंत्रज्ञाचा वेळ आम्ही खर्चात धरीत नाही. दुसऱ्या चित्रावर 'अल्फा कोन' मोजतात. तो साठ अंशांच्या पुढे गेल्यास उंचवट्याचा संशय बळावतो.

एमआरआयचा उपयोग मऊ कड फाटली आहे काय हे पाहण्यासाठी होतो. हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास आरंभी क्ष-किरण चित्र निर्दोष दिसते, एमआरआयमध्ये मात्र तो दोष सापडतो. किनवट-माहूर भागातील तरुण रुग्णाच्या बाबतीत सिकल सेलचा विचार यासाठीच करावा लागतो. खुब्याचा क्षयही नजरेआड करून चालत नाही. सीटी स्कॅन बहुधा शस्त्रक्रियेच्या आखणीपुरता. तरुण वयात कटीरावर अकारण किरण नकोत.

सर्वांत महत्त्वाचे हे की, उंचवटा दिसला म्हणजे आजार झाला असे नव्हे. कोणतेही दुखणे नसलेल्या अनेकांच्या चित्रांतही तो आढळतो. म्हणून २०१६ मधील वॉरिक येथील आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार रुग्णाची तक्रार, डॉक्टरांची हाताने केलेली तपासणी आणि चित्र या तिन्हींचा मेळ बसल्यावरच निदान करावयाचे असते. केवळ फिल्म पाहून कोणी शस्त्रक्रिया सुचविल्यास कुटुंबीयांनी दुसरे मत अवश्य घ्यावे. बहुतेकांस प्रथम व्यायामोपचार व हालचालींतील बदल सुचविले जातात. त्याने भागले नाही तर निवडक रुग्णांत दुर्बिणीची शस्त्रक्रिया.

तपासणीस येताना केवळ लेखी अहवाल न आणता जुन्या सर्व फिल्मही सोबत आणाव्यात.