रोज तेच मोजायचे, हे कसले संशोधन?

शाळेत रोज पर्जन्यमापकाची नोंद ठेवणाऱ्या शिक्षकांना सहकाऱ्यांचा हा प्रश्न परिचित असेल. चार्ल्स कीलिंग यांनाही तो ऐकावा लागला, आणि तोही शास्त्रज्ञांकडून! १९५८ पासून ते हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजीत होते. शंका अगदीच गैर नव्हती. एका वर्षाच्या नोंदींतून फारसे कळत नाही. उत्तर गोलार्धातील वनस्पतींच्या वाढीमुळे हा वायू मे ते सप्टेंबर घटतो, नंतर पुन्हा वाढतो. हा चढउतार दहा लाखांत सुमारे ६ भागांचा. त्या काळची निव्वळ वार्षिक वाढ मात्र १ भागाहूनही कमी. ती वेगळी ओळखायची तर वर्षानुवर्षांच्या सलग नोंदीच हव्यात. १९६४ मध्ये निधीअभावी काही महिने मोजणी थांबली. ती फट आलेखात आजही दिसते. सुरुवातीला सुमारे ३१५ भाग असलेले प्रमाण २०२४ मध्ये ४२० च्या पुढे होते.