घर हीच चित्रशाळा

विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री झोपण्यापूर्वी अंथरुणावरची चादर नीट पाहा. तिच्यावर फुले असतील, पाने असतील, नाहीतर नुसत्या रेघा आणि चौकोन असतील. त्यातले एक फूल निवडा, त्यावर बोट ठेवा आणि बोट हळूहळू पुढे न्या. थोड्या अंतरावर तेच फूल पुन्हा भेटेल. आणखी पुढे पुन्हा तेच. म्हणजे कोणीतरी एकदा एक तुकडा काढला आणि तोच तुकडा सगळ्या कापडावर शेजारी शेजारी मांडला. यालाच आपण नक्षी म्हणतो. हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतील 'नक्श' आणि 'नक्काशी' हे शब्द आणि मराठीतील 'नक्षी' हा शब्द एकाच कुळातले आहेत. चित्रकलेच्या तासाला तुम्ही जे 'संकल्पचित्र' काढता, तीही नक्षीच.

पण नक्षी काढणाऱ्याला ती सुचते कशी? पुष्कळ मुलांना वाटते, की कल्पना काही थोड्या भाग्यवान माणसांनाच सुचतात. 'मला काही सुचतच नाही' असे म्हणून ती कोऱ्या कागदासमोर बसून राहतात. हे कितपत खरे आहे? ते पाहण्यासाठी आपण इंग्लंडमधील एका कुटुंबाची ओळख करून घेऊ. या कुटुंबात वडील, आई, मावशी आणि मुलगी असे सगळेच नक्षीकाम करत होते.

वडिलांचे नाव विल्यम मॉरिस. त्यांचा जन्म १८३४ साली झाला आणि मृत्यू १८९६ साली. ते कवी होते, लेखक होते. पण जगभर त्यांचे नाव झाले ते मुख्यतः कापडावरच्या आणि भिंतीवर चिकटवण्याच्या कागदांवरच्या नक्षीमुळे. १८५९ साली जेन बर्डन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी हे जोडपे लंडनबाहेर बांधलेल्या नव्या घरात राहायला गेले. लाल विटांचे म्हणून त्या घराचे नाव 'रेड हाउस', म्हणजे लाल घर. फिलिप वेब या वास्तुशिल्पी मित्राने त्याचा आराखडा केला होता.

घर तयार झाले. पण त्यात मांडायचे काय? त्या काळात इंग्लंडमध्ये यंत्रावर तयार झालेल्या वस्तूंचा सुळसुळाट झाला होता. बाजारातील सामान मॉरिस यांच्या मनाला येईना. तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी ठरवले, की घरात लागणाऱ्या वस्तू आपणच करू. जेन यांना एकदा लंडनच्या एका दुकानात निळ्या रंगाचे लोकरी कापड मिळाले. त्यांनी ते घरी आणले. मॉरिस यांनी त्यावर साध्या फुलांच्या झुडपांची नक्षी आखली आणि दोघांनी मिळून ती रंगीत लोकरीने भरली. भिंतीवर लावायचे सुंदर पडदे तयार झाले. जुने टाके शिकण्यासाठी त्यांनी काय केले, ठाऊक आहे? जुन्या भरतकामाचे तुकडे घेतले आणि त्यांचे टाके एकेक करून उसवले. टाका कसा घातला आहे हे तो उसवताना चांगले कळते. तुमच्या घरी कोणी शिवणकाम करत असेल, तर ही गोष्ट त्यांना विचारून पाहा. ते मान डोलावतील.

लाल घराच्या बागेत लाकडी जाळ्यांवर गुलाबाच्या वेली चढवलेल्या होत्या. मॉरिस यांनी १८६२ साली भिंतीच्या कागदासाठी आपली पहिली नक्षी काढली, ती याच जाळीची आणि गुलाबाची. जाळीवर बसलेले पक्षी मात्र त्यांना मनासारखे जमेनात. मग त्यांनी ते पक्षी फिलिप वेब यांच्याकडून काढून घेतले. एवढ्या मोठ्या कलावंतालाही सगळे येत होते असे नाही. जे येत नव्हते, ते ज्याला येते त्याच्याकडून करून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१८६१ साली मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी घरसजावटीच्या वस्तू करणारी एक कंपनी काढली. १८६५ साली त्यांना लाल घर सोडावे लागले. मग हे कुटुंब लंडनमध्ये एकाच इमारतीत राहू लागले आणि तिथेच काम करू लागले. खाली दुकान आणि कार्यशाळा, वर राहते घर. त्या वेळी थोरली मुलगी जेनी चार वर्षांची होती आणि धाकटी मे तीन वर्षांची. जिना उतरले की कारागीर, रंग, कागद आणि कापड! जेन आणि त्यांची बहीण बेसी भरतकाम करत. मुली ते पाहत पाहतच मोठ्या झाल्या आणि सुई धरायला शिकल्या.

पुढे १८७८ साली हे कुटुंब लंडनच्या हॅमरस्मिथ भागात टेम्स नदीकाठच्या एका घरात राहायला गेले. तिथे घोडागाडी ठेवण्याच्या जागेत गालिचे विणले जाऊ लागले. मॉरिस यांनी तर स्वतःच्या झोपण्याच्या खोलीतच एक माग बसवला. भिंतीवर लावायचा चित्रमय पडदा मागावर कसा विणतात, हे त्यांना स्वतःच्या हातांनी शिकायचे होते. भल्या पहाटे उठून ते मागावर बसत आणि किती तास विणले, याची रोज नोंद ठेवत. १० मे १८७९ रोजी सुरू केलेला पडदा १७ सप्टेंबर रोजी पुरा झाला. नोंदीप्रमाणे त्याला ५१६ तासांहून थोडा अधिक वेळ लागला होता. हिशेब करून पाहा. रोजचे सरासरी चार तास होतात! त्या पडद्यावर मोठमोठी पाने आणि द्राक्षाची वेल होती. पाने जरा जास्तच फुगीर झाली, म्हणून मॉरिस स्वतःच त्याला गमतीने 'कोबी आणि द्राक्षवेल' म्हणत.

आता त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध नक्षीची गोष्ट ऐका. खेड्यात त्यांनी भाड्याने घेतलेले आणखी एक जुने घर होते. त्या घराच्या बागेत स्ट्रॉबेरी लावलेली होती. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तुम्ही पाहिली असेलच. फळे पिकू लागली, की छातीवर ठिपके असलेले कस्तूर पक्षी येत आणि फळे पळवत. माळी संतापे. या चोरांच्या माना मुरगळाव्यात असे त्याला वाटे. पण मॉरिस यांनी त्याला सक्त ताकीद दिली होती, की बागेतल्या एकाही पक्ष्याला हात लावायचा नाही. ते स्वतः सकाळी बागेत जाऊन या चोरांची लबाडी पाहत उभे राहत. १८८३ साली त्यांनी सुती कापडासाठी एक नक्षी तयार केली. गडद निळ्या रंगावर वेली, फुले, लाल स्ट्रॉबेरी आणि चोचीत फळ धरलेले कस्तूर! नक्षीचे नाव ठेवले 'स्ट्रॉबेरी चोर'. जे पाहून माळी चिडत होता, तेच पाहून मॉरिस यांना नक्षी सुचली. बाग एकच होती, पक्षी तेच होते. दोघांच्या पाहण्यात मात्र फरक होता.

कल्पना सुचली म्हणजे काम संपले, असे समजू नका. खरे काम त्यानंतरच सुरू होते. ही नक्षी कापडावर उतरवणे फार कठीण होते, कारण तिचा मुख्य रंग नीळ होता. नीळ साध्या पाण्यात विरघळत नाही. तिला विशिष्ट प्रक्रियेने विरघळणाऱ्या रूपात आणावे लागते. अशा पिंपात बुडवलेले कापड बाहेर काढताना हिरवट पिवळे दिसते आणि हवा लागताच निळे होत जाते. हे तंत्र शिकण्यासाठी मॉरिस यांनी रंगाऱ्यांबरोबर पिंपाशी उभे राहून काम केले. त्यांचे हात निळे होऊन जात. १८८१ साली त्यांनी वँडल नदीच्या काठी मोठी कार्यशाळा घेतली. कापड धुण्यासाठी तिथे भरपूर पाणी होते.

'स्ट्रॉबेरी चोर' छापण्याची रीत अशी होती. प्रथम सगळे कापड निळीत रंगवत. मग लाकडी ठशांनी रंग उडवणारे रसायन नक्षीच्या जागी छापत. जिथे रसायन तीव्र असेल, तिथे कापड पांढरे होई. जिथे सौम्य असेल, तिथे फिकट निळे राही. त्यानंतर ठरलेल्या जागी लाल आणि पिवळा रंग चढवत. फिकट निळ्यावर पिवळा चढला, की हिरवा रंग मिळे. प्रत्येक वेळी कापड धुवायचे आणि वाळवायचे. या सगळ्याला कित्येक दिवस लागत. त्यामुळे हे कापड फार महाग होते. सामान्य माणसाला परवडेल असे काम आपल्या हातून होत नाही, याची खंत मॉरिस यांना वाटत असे.

बागेइतकेच मॉरिस जुन्या कारागिरांकडूनही शिकले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात इराण, तुर्कस्तान आणि भारत येथील कापडे आणि गालिचे होते. ते तासन्‌तास ती पाहत बसत. इराणमधील अर्दबील येथील प्रसिद्ध गालिचा १८९३ साली या संग्रहालयाने २००० पौंडांना विकत घेतला, तो मॉरिस यांच्याच सल्ल्यावरून. त्या गालिच्यावर हिजरी ९४६ हे वर्ष विणलेले आहे. इंग्रजांच्या व्यापारामुळे भारतातील हस्तकला नष्ट होत आहेत, हेही मॉरिस यांनी १८७९ सालच्या एका भाषणात आपल्या देशबांधवांना स्पष्टपणे सुनावले होते.

आता पुन्हा त्या घराकडे वळू. जिन्याखालच्या कार्यशाळेत खेळलेली धाकटी मे मोठी झाली. १८८५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, कंपनीच्या भरतकाम विभागाची सगळी जबाबदारी तिच्याकडे आली. पुढील काळात या विभागातून किती तरी पडदे आणि चादरी बाहेर पडल्या. काही वेळा कापडावर नक्षी आखून, एक कोपरा भरून दाखवून, उरलेले काम गिऱ्हाइकाने घरी पुरे करावे म्हणून देत असत. १८८३ साली तिने हनीसकल नावाच्या फुलवेलीची भिंतीच्या कागदासाठी एक नक्षी काढली होती. ती खूप लोकप्रिय झाली. पण दुकानावरचे नाव वडिलांचे. त्यामुळे ती नक्षी वडिलांचीच आहे, असे अनेकांना वाटत राहिले. त्या काळी कलावंतांच्या एका मोठ्या संघात स्त्रियांना प्रवेश नव्हता. म्हणून १९०७ साली मे मॉरिस यांनी इतर स्त्रियांबरोबर स्त्री कलावंतांचा स्वतंत्र संघ स्थापन केला.

मित्रांनो, ही गोष्ट दूरच्या इंग्लंडची आहे. पण असे हात आपल्याही घरात आहेत. ओढणीला लावलेली किनार, दस्तरखानाच्या कडेची वेल, जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी, ईदच्या आदल्या रात्री हातावर काढलेली मेंदी हे सगळे कोणीतरी विचार करून केलेले असते. कोणता रंग कोणाशेजारी ठेवायचा, वेल कोपऱ्यावर कशी वळवायची, हे ठरवावे लागते. आपण मात्र त्याला 'घरचे काम' म्हणून सोडून देतो. अम्मी, खाला, दादी यांनी केलेल्या या नक्षीवर कोणाचेही नाव नसते.

म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी करा. पहिली गोष्ट अशी. खिडकीतून, गल्लीत किंवा शाळेच्या वाटेवर रोज दिसणारी एक वस्तू निवडा. कडुलिंबाची डहाळी, चिमणी, खिडकीची जाळी, काहीही चालेल. रोज पाच मिनिटे ती नीट पाहा आणि वहीत काढा. सहाव्या दिवशी त्यातले एक चित्र चौकोनात बसवा आणि तोच चौकोन शेजारी शेजारी चार वेळा काढा. एका चौकोनातून बाहेर जाणारी रेघ दुसऱ्या चौकोनात बरोबर जुळते का, ते पाहा. जुळली, की तुमची नक्षी तयार झाली. जुळली नाही, तर खोडरबर घ्या आणि पुन्हा करा.

दुसरी गोष्ट अशी. आपल्या घरातील हाताने केलेली एखादी जुनी वस्तू शोधा. ती कोणी केली, केव्हा केली आणि तिच्यावरची नक्षी कशावरून सुचली, हे घरातील मोठ्यांना विचारा. तिची नक्षी वहीत उतरवून घ्या. आणि त्या चित्राखाली, ज्या हातांनी ती केली, त्यांचे पूर्ण नाव स्वच्छ अक्षरांत लिहा.