मोटारीच्या टपावरचा माळा

दोस्तांनो, जोंधळ्याची पाखरं राखायला रानात उंच माळा घालतात ना? तसाच घडीचा तंबू काहीजण मोटारीच्या टपावर बसवतात. मुक्कामाला तो उघडायचा, शिडी लावायची आणि वर जाऊन झोपायचं! खाली चिखल असला तरी अंथरूण कोरडं.

असा तंबू घेऊन लोक उन्हाळ्यात एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया या युरोपातल्या बाल्टिक देशांत हिंडतात. झोप मात्र लवकर येत नाही बरं का! जूनमध्ये टॅलिनला सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो.

टॅलिन, रीगा आणि विल्नियस या तिथल्या तीन राजधान्या. टॅलिनहून रीगामार्गे विल्नियस सुमारे ६०० किलोमीटर. चुडाव्याहून रेल्वेनं मुंबई साधारण तेवढीच लांब! २३ ऑगस्ट १९८९ रोजी या तिन्ही शहरांना जोडत सुमारे २० लाख माणसं हातात हात धरून उभी राहिली. हाती शस्त्र नव्हतं. सोव्हिएत सत्तेपासून त्यांना स्वातंत्र्य हवं होतं. १९९१ साली ते मिळालं.

आपला मराठवाडाही १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्या दिवसांबद्दल आजी-आजोबांनी वडीलधाऱ्यांकडून काय ऐकलं, ते आज रात्री विचारा. त्यासाठी तंबू नसला तरी चालेल, गच्ची पुरे!