पाळणाघरातल्या बाईंना आपले मराठी शब्द द्या



बहारीनच्या २०१२ च्या कामगार कायद्यात खासगी नोकरीतल्या आईसाठी बाळंतपणाची ६० दिवसांची भरपगारी रजा ठरली. आजी-आजोबा भारतातून येतात, पण कायमचे राहू शकत नाहीत. त्यामुळे आपली बरीच मुले फार लवकर पाळणाघरात जाऊ लागतात. प्रवेश घेताना आपण फी, वेळ, स्वच्छता, घरापासूनचे अंतर सगळे विचारतो. एक गोष्ट मात्र बहुतेकदा राहून जाते. मूल काय बोलते ते तिथे कुणाला कळणार आहे का?

सांभाळणाऱ्या बाई फिलिपिनो, मल्याळी किंवा अरबी बोलणाऱ्या असतात. आपले बाळ "शू", "बाऊ झाला", "गाई गाई" म्हणते आणि समोरच्या बाईंना अर्थबोध होत नाही. मग मूल शू दाबून ठेवते, रडते, नाहीतर गप्प बसते. काही दिवसांनी, अगदी चांगल्या हेतूने, सल्ला मिळतो की घरी इंग्रजीच बोला. काळजीपोटी आपण तो लगेच अमलात आणतो. वर्षभरात फोनवर आजीशी बोलताना नातवंडाला शब्द सापडत नाहीत.

हे टाळता येते. आम्हाला उपयोगी वाटलेल्या गोष्टी अशा:

१. शब्दांचा कागद द्या. मुलाचे नेहमीचे दहा-बारा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा आणि पुढे अर्थ लिहा. मंमं म्हणजे जेवण, भूर म्हणजे बाहेर जाणे, बाऊ म्हणजे लागले. प्रत्येक घरचे शब्द वेगळे असतात, म्हणून यादी आपल्याच घरची हवी. बाईंना एकदा उच्चार करून दाखवा.

२. त्यांचे शब्दही विचारून घ्या. आखाती अरबीत पाण्याला "माय" म्हणतात. घरी आल्यावर मूल "माय, माय" म्हणू लागले, तर ते आईला हाक मारत नसेल, त्याला तहान लागली असेल!

३. दोन भाषांची भीती बाळगू नका. दोन भाषा ऐकल्यामुळे मुलाला वाचादोष होत नाही. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. दोन्ही भाषांत बोलणे मागे पडत असेल किंवा ऐकू येण्याबद्दल शंका असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. हे बाईंनाही शांतपणे सांगावे.

४. नेताना दोन मिनिटे थांबा. सकाळी सगळ्यांचीच धावपळ असते. दुपारी विचारा: काय खाल्ले, किती झोपला, कशाने रडला? "सगळे ठीक ना?" असे विचारले की "ठीक" एवढेच उत्तर येते. मुलाला आणायला ड्रायव्हर जात असेल, तर दप्तरात एक वही ठेवा. तक्रार असेल तर मुलासमोर नको, वेगळी वेळ मागून बोला.

५. खाण्याचे स्पष्ट लिहून द्या. "शाकाहारी" म्हणजे अंडे आणि मासेही नाहीत, हे सर्वांना ठाऊक नसते. उलट बाजूही पाहा. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट असते आणि वर्गातल्या दुसऱ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते. डबा देण्याआधी विचारा.

६. मुलाला कोण नेणार ते कळवून ठेवा. आजी-आजोबा भेटीच्या व्हिसावर आले असतील, तर त्यांच्याकडे इथले सीपीआर कार्ड नसते. त्यांची नावे, फोटो आणि पासपोर्टची प्रत आधीच देऊन ठेवा.

शाळेने मुलाच्या घरापर्यंत जायचे असते, हा विचार आपल्याला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. इथल्या बाई आपल्या अंगणात येऊ शकत नाहीत. निदान आपल्या घरचे दहा शब्द तरी आपण त्यांच्यापर्यंत पोचवू या.

येत्या रविवारी सकाळी मुलाच्या दप्तरात तो कागद जरूर ठेवा. आणि घरी मराठीच बोला!